जरा दमानं

चढाव आला की पोदेर, म्हणजे आमचा गोव्याचा पाववाला, सायकलवरून उतरतो. मागच्या कॅरिअरवर पावांची भलीमोठी टोपली, तिच्यावर प्लास्टिक घट्ट बांधलेलं, हँडलला पों-पों वाजणारा रबरी भोंगा. सपाटीवर तो भराभर येतो आणि वाड्यावरची चढण सुरू झाली की एक हात हँडलवर, दुसरा सीटवर ठेवून सायकल ढकलत वर चढतो. वर पोचला की पुन्हा टांग मारतो. गोव्यात सायकल कोणाची, असं मला विचारलं तर मी पहिलं नाव पोदेराचं घेईन. अलीकडे बरेच पोदेर स्कूटरवर आले, तरी आमच्या डिचोलीकडे सायकलवाले अजून दिसतात. त्याला सायकल येत नाही असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

मग साठी ओलांडलेल्या बाईनं तोच चढाव सायकलवरून उतरून पार केला की शेजारीपाजारी काळजीनं का विचारतात, “दमलात काय बाई? बरं वाटतंय ना?”

मला बरंच वाटत असतं. उतरून ढकलणं हाही सायकल चालवण्याचाच भाग आहे आणि या वयात तर तो महत्त्वाचा भाग आहे. हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे, कारण निवृत्तीनंतर सायकल घेतलेली आणि सहा महिन्यांत ती व्हरांड्यातल्या खांबाला टेकवून ठेवलेली माणसं मी बरीच पाहिली. त्यांचे पाय थकले नव्हते. कोणाच्या तरी आकड्यांशी आपला आकडा जुळत नाही, म्हणून त्यांचं मन उतरलं होतं.

माझा भाचा पणजीला असतो. मिरामारला अर्ध्या आयर्नमॅनची स्पर्धा होते, तिच्या तयारीत असतो. 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर धावायचं. त्याच्या जिद्दीचं मला फार कौतुक आहे. तो घरी आला की माझी सायकल उलटी करून चेन पुसतो, तेल सोडतो, ब्रेक बघतो. आणि जाता जाता हमखास विचारतो, “मावशी, ॲव्हरेज किती पडतं?” मी सांगते, नार्वेची फेरीबोट मिळाली. तो हसतो. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. त्याच्या सायकलीला वेग हवा आहे, माझ्या सायकलीला फेरीबोटीची वेळ गाठायची आहे.

मी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यांचा मला राग नाही. उलट सायकलीकडे परत वळल्यावर पहिला आनंद झाला तो दाते मोजताना. लहानपणी आम्ही भाड्याच्या सायकलीवर शिकलो, नळीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत. पुढे नोकरीला लागल्यावर सायकल होती ती बिनगिअरची. पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पॅडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरणार. 26 इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर. एका फेऱ्याला सायकल पाच मीटर पुढे. सपाटीवर झकास, पण चढावावर ते पाच मीटर गुडघ्यांतून ओढून काढावे लागायचे.

आताच्या सायकलीला पुढे तीन चक्रं आहेत. सर्वांत लहान 28 दात्यांचं, आणि मागचं सर्वांत मोठंही 28 चं. ती जोडी लावली की पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजे दोन मीटर. टेकडी तेवढीच उंच, माझं वजन तेवढंच, त्यामुळे एकूण काम कणभरही कमी होत नाही. फक्त फेड लहान हप्त्यांची होते. एकेका फेऱ्याला पायावर येणारा जोर अर्ध्याहून कमी, फेरे मात्र अडीचपट. वाढत्या वयात सांधे आणि स्नायू जोराला कुरकुरतात, फेऱ्यांना तेवढे नाही. म्हणून माझ्या वयाच्या कोणीही सायकल घेताना रंग आणि कंपनी मागाहून बघावी, आधी मागच्या मोठ्या चक्राचे दाते मोजावेत. दुकानदार जरा चमकतो, पण मोजू देतो.

हलक्या गिअरलाही हद्द असते. वेग माणसाच्या चालीएवढा उतरला की दोन चाकांचा तोल सांभाळणं अवघड होतं, हँडल डावी-उजवीकडे डगमगू लागतं. तिथे अट्टहासानं बसून राहण्यात काय मोठेपणा? पडायचं बहुतेक वेळा अशाच ठिकाणी, नाहीतर चढता-उतरताना. म्हणून मी मधल्या नळीशिवायची सायकल घेतली, जिला आपल्याकडे अजून लेडीज सायकल म्हणतात. तिच्यावरून पाय मागे भिरकावून उतरावं लागत नाही, पुढूनच सरळ पाय जमिनीवर येतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, कंबरेचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी तशीच सायकल घेतली आणि नाव कोणी काहीही ठेवो, रोज सकाळी मये तळ्यापर्यंत जाऊन येतात. मला त्यांचा फार आदर वाटतो.

सीटचं मात्र बाजारातल्या सायकलवाल्यानं मला शिकवलं. साठीच्या माणसाला वाटतं, सीट जितकी खाली तितकं सुरक्षित, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले बरे. त्यानं मला भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसायला लावलं, पॅडल अगदी खाली आणलं आणि चप्पल काढून टाच त्यावर ठेवायला सांगितली. पाय सरळ होईपर्यंत पान्यानं सीट वर वर घेत गेला. मग म्हणाला, “आता चवडा ठेवा.” चवडा ठेवल्यावर गुडघ्यात जरासा बाक राहिला. तेवढाच बाक हवा. सीट खाली असेल तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा नको तितका दुमडतो आणि वाटीच्या मागे दुखू लागतं. मग लोक म्हणतात, सायकलनं गुडघे गेले. वास्तविक सायकलवर शरीराचा भार सीट पेलते, गुडघ्यांना चालण्यापेक्षाही कमी धक्के बसतात. फक्त बैठक नीट हवी.

*

आमच्याकडून सायकलनं जायचं तर माझी आवडती वाट नार्वेची. नार्वेच्या सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, भाविकांनी देवाला नदीपार नार्वेला आणलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. डोंगराच्या कुशीतलं ते देऊळ, समोरची दीपमाळ, आजूबाजूची झाडी. थोडा वेळ टेकायचं, पाणी प्यायचं आणि धक्क्याकडे उतरायचं. देव ज्या पाण्यावरून अलीकडे आला, त्याच पाण्यावरून मी पलीकडे जाते, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. अंगावर काटा येतो, खरंच.

फेरीबोटीचा लोखंडी फळा ओला असतो, त्यावर सायकल चालवत जाऊ नये. उतरून, ब्रेक अर्धवट धरून चालत जावं आणि कठड्याला सायकल टेकवून उभं राहावं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि सायकलीसाठीही माझ्याकडे कोणी कधी पैसे मागितले नाहीत. फेरीवरचा खलाशी मला आता ओळखतो. फळा आपटला की म्हणतो, “सवकास वच गे बाय,” सावकाश जा गं बाई. त्या तीन-चार शब्दांइतका चांगला सल्ला मला कुठल्याही सायकलतज्ज्ञाकडून मिळालेला नाही.

दिवाडीला पोचलं की दोन्ही बाजूंना खाजन शेती. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून वाचवलेली जमीन. गावकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हे बांध घातले आणि त्यांत जागोजागी मानशी, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारं, बसवल्या. मोटारीतून जाताना मानस दिसतसुद्धा नाही. सायकल बांधाशी लावून वाकून बघावं लागतं. लाकडाची दारं असतात, आत उघडणार नाहीत अशी बेतानं टांगलेली. भरती आली की बाहेरचं पाणीच त्यांना रेटतं आणि ती बंद होतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आत साचलेलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं आणि ती उघडतात, शेत निचरतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि दारापाशी माणूस उभा नाही. एकदा मी आणि माझी मैत्रीण ओहोटी लागायच्या वेळी तिथे पोचलो. पाणी आधी नुसतं थबकलं. मग दाराच्या फटीतून बारीक फेस बाहेर आला, मग दार हाताएवढं सरकलं आणि पाठोपाठ पाण्याचा लोट सुटला. बगळे जणू वाटच बघत होते, क्षणात दहाबारा येऊन उभे. आम्ही तिथे किती वेळ होतो याचा हिशोब भाच्याच्या ॲपमध्ये नुसता ‘थांबलेला वेळ’ म्हणून पडला असता.

पावसाळ्यात याच शेतांत कोरगूट पिकतं, खारट जमीन सोसणारं जुनं भात. पाऊस जोरात असतो तेव्हा मी सायकल काढत नाही. सावलीतल्या रस्त्यांवर आणि जांभ्याच्या फरसबंदीवर शेवाळ धरतं आणि चाक कधी सरकेल सांगता येत नाही. श्रावणात उघडीप मिळाली की जाते. ऊन-पाऊस, हिरवंगार शेत आणि खारफुटीचा तो ओला, जरा उग्र वास. ज्यांनी दिवाडी फक्त बोंदेराच्या उत्सवाच्या गर्दीत पाहिली, त्यांनी ती श्रावणातल्या सकाळी सायकलवरून पाहावी असं मी अगदी आग्रहानं सांगेन.

बेटावर एकच खरा चढाव, पियेदादच्या टेकडीचा. वर चर्च आहे आणि तिथून मांडवी, शेतं, पलीकडे जुन्या गोव्याची मनोरे असलेली चर्चं, सगळं दिसतं. मी अर्ध्यापर्यंत हलक्या गिअरमध्ये जाते. श्वास तोंडानं घ्यावासा वाटला की उतरते, ढकलत वर जाते. ढकलताना जी घरं दिसतात, ओटे, खिडक्यांच्या झिलमिल्या, वाळत घातलेली आमसुलं, ती चढताना धापा टाकणाऱ्याला कशी दिसणार? उतारावर मात्र मला घाई करायला आवडत नाही. दोन्ही ब्रेक आळीपाळीनं दाबत, सोडत, हळू उतरते. या वयात हाड मोडलं तर जुळायला वेळ लागतो.

परतीचंही एक गणित आहे. सकाळी वारा पडलेला असतो. दहा-अकराच्या सुमाराला समुद्रावरचं वारं सुटतं, पश्चिमेकडून. आम्हाला घरी यायचं ते पूर्वेला, म्हणजे वारा पाठीशी. पाय थकलेले असताना मागून वारा मिळावा, यापेक्षा चांगली सोय ती कोणती? उलट बाजूच्या माणसानं मात्र लवकर घर गाठावं.

*

आपली पातळी कुठली, हे घड्याळावरून ठरवू नये असं माझं मत आहे. 220 मधून वय वजा करा, तेवढे नाडीचे जास्तीत जास्त ठोके, हे सूत्र सगळे सांगतात. माझ्या वयाला ते दीडशेच्या वर येतं. पण ते फक्त ढोबळ आहे, माणसामाणसात दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यातून रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही, घड्याळ म्हणेल आराम चाललाय आणि माणूस इकडे घामाघूम. त्यापेक्षा बोलून बघावं. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक चाललंय. दोन शब्दांवर धाप लागली तर गिअर उतरवायचा. एकटी असले तर मी बेचा पाढा म्हणते. सोळापर्यंत अडखळले नाही की समजते, अजून दम आहे. अर्थात छातीत दुखलं, गरगरलं, तर पाढे म्हणत बसायचं नाही, थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

तहानेचंही तसंच. वय वाढतं तशी तहान उशिरा लागते. शरीर सुकत असतं आणि जिभेला पत्ता नसतो. म्हणून मी तहानेची वाट बघत नाही, फेरीवर एकदा आणि टेकडीखाली एकदा पाणी पितेच. सोबत मिठाची चिमूट घातलेलं कोकम सरबत असतं. आणि एक गोष्ट सायकलप्रेमी सहसा सांगत नाहीत: सायकल हृदयाला चांगली, स्नायूंना चांगली, पण हाडांना तिचा फारसा उपयोग नाही, कारण भार सीट घेते. हाडं टिकायला त्यांच्यावर भार पडावा लागतो. म्हणून चालणं आणि जिने सोडायचे नाहीत. या हिशोबानंही ढकलत चढणं फायद्याचंच.

इंग्लंडमध्ये 55 ते 79 वयाच्या 125 हौशी सायकलस्वारांचा अभ्यास झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे स्नायू वयाच्या मानानं टिकून होते आणि त्यांची रोगप्रतिकारशक्तीही कितीतरी तरुण माणसासारखी होती. या अभ्यासाची बातमी वाचून अनेकांना धडकी भरते, ही कोण पहिलवान माणसं! पण निवडीची अट बघा. पुरुषांनी 100 किलोमीटर साडेसहा तासांच्या आत, बायकांनी 60 किलोमीटर साडेपाच तासांच्या आत. भागून बघा. बायकांसाठी ताशी अकरा किलोमीटरसुद्धा नाही. पोदेर सपाटीवर याहून जोरात जातो. हं, ही माणसं वर्षानुवर्षं नेमानं सायकल चालवत आलेली होती, त्यामुळे साठीत सुरुवात करणाऱ्यानं तेवढंच फळ मिळेल असं धरून चालू नये. पण त्यांच्या वेगात अलौकिक काही नव्हतं. त्यांनी सोडलं नव्हतं, एवढंच.

आणि रोबेर मार्शां. फ्रान्सचा हा माणूस 1911 मध्ये जन्मला. शंभरी ओलांडल्यावर 2012 मध्ये त्यानं एका तासात 24.25 किलोमीटर सायकल चालवली. 2014 मध्ये 26.927. मग जानेवारी 2017 मध्ये, वयाच्या 105 व्या वर्षी, 22.547. शेवटचा आकडा आधीच्यापेक्षा चार किलोमीटरहून जास्त कमी आहे, तरी तोही विक्रमच, कारण त्या वयाच्या माणसासाठी नवा गटच करावा लागला. मला या तीन आकड्यांतला शेवटचा सर्वांत आवडतो. तीन वर्षांपूर्वीच्या स्वतःशीही बरोबरी न करता तो पुन्हा ट्रॅकवर आला. साठीनंतर आपल्या प्रत्येकाचा गट असा वेगळाच असतो. माझ्या गुडघ्यांचा, माझ्या झोपेचा, माझ्या रक्तदाबाचा, माझ्या चढावांचा दुसरा स्पर्धक त्यात नाहीच.

*

पण आपल्या दमानं चालायला रस्ताही तसा लागतो. डिचोली-साखळी भागात खाणींच्या भरभराटीच्या काळात सायकल बाहेर काढणं म्हणजे जिवाशी खेळ होता. खनिजाच्या ट्रकांची रांग, लाल धूळ, कपड्यांपासून झाडाच्या पानांपर्यंत सगळं तांबडं. शाळेतली मुलं सायकलनं येईनाशी झाली ती तेव्हा. 2012 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा रस्ते एकाएकी शांत झाले. त्या शांततेत कितीतरी घरांच्या चुली अडचणीत आल्या. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील ट्रकचालक होते, दारात उभे राहिलेले ट्रक आणि थकलेले हप्ते मी पाहिले आहेत. म्हणून खाणी नकोतच असं मी सरसकट म्हणणार नाही. आता त्या पुन्हा हळूहळू सुरू होताहेत, लोकांना काम मिळो. पण ट्रकांसाठी वेगळा रस्ता आणि वस्तीच्या रस्त्याला सायकलपुरती कड, एवढं मागणं काही फार नाही. त्या कडेनं म्हातारी माणसंही जातील आणि शाळेतली मुलंही.

हल्ली माझी शेजारीण शिकते आहे. वय अठ्ठावन्न, सायकलला कधी हात लावलेला नाही. सुना-मुलांनी नको म्हटलं, ती हट्टाला पेटली. भाच्यानं दोन्ही पॅडलं काढून दिली आणि सीट एकदम खाली केली, शिकण्यापुरती. शाळेच्या मैदानावर ती पायांनी जमीन रेटत पुढे जाते, मग दोन्ही पाय उचलते आणि चाकं नेतील तिथपर्यंत जाते. आधी तोल, पॅडल मागाहून. मागे कोणी सीट धरून पळायची गरजच पडत नाही. सुरुवातीला पाय एक क्षणही उचलले जायचे नाहीत, आता गोलखांबापासून निघून पिंपळापर्यंत तरंगत जाते. डावीकडे छान वळते, उजवीकडे वळायला अजून बिचकते, म्हणून आम्ही मैदानाला डावीकडून फेऱ्या घालतो. रविवारी भाचा येतो आहे, पॅडलं परत बसवायला. तिनं त्याच्यासाठी पातोळ्या करायचं कबूल केलंय आणि मला सकाळी साडेसहाला मैदानावर हजर राहायची ताकीद दिली आहे.